पिसांची माशी

भरती ओसरू लागली की खाजनाच्या बांधावर, मानशीच्या आसपास, गरी टाकून बसलेली दोन-चार माणसे आम्हां गोमंतकीयांच्या नित्य पाहण्यात असतात. गळाला आमच्या घरच्या कोंकणीत गरी म्हणतात. गरीला सुंगट टोचावे, शिशाचा तुकडा बांधून दोर लांब फेकावा आणि बोटाला हिसका बसेपर्यंत स्वस्थ बसावे, ही रीत शाळकरी मुलासही ठाऊक असते. मासा येतो तो वासाने. त्याची फसगत होते हे खरे. तथापि निदान ते सुंगट तरी खरे असते. परंतु गळावर कोंबड्याचे पीस, सशाची लव आणि रेशमी दोरा यांखेरीज काहीही न लावता मासा धरणारे लोकही या जगात आहेत. पिसाला ना वास, ना चव. मग मासा त्याला तोंड का लावतो? या एका प्रश्नापासून आमच्या विद्यालयाच्या छंदमंडळाचे गेल्या दोन वर्षांचे काम सुरू झाले. ते कोठवर गेले याची हकीकत आम्ही या अंकात सांगणार आहोत.

बोटीवर नोकरीस असलेला आमचा एक माजी विद्यार्थी रजेवर आला असता मंडळास एक लहानशी पेटी देऊन गेला. पेटीत मुठीएवढा एक शेगडा, बारीक टोकांची कात्री, दोऱ्याची रिळे, मेणाचा खडा आणि निरनिराळ्या आकारांचे गळ होते. परदेशी बंदरात मुक्काम पडला असता तेथील एका क्लबात तो रविवारी जाऊ लागला व तेथेच ही विद्या शिकला. तिला इंग्रजीत ‘फ्लाय टाइंग’ म्हणतात. आम्ही ‘माशी बांधणे’ म्हणतो. मासा आणि माशी या दोन शब्दांनी पहिल्याच बैठकीत जो गोंधळ उडवला, त्याचे वर्णन न केलेलेच बरे.

मासा जिला भुलतो ती माशी आधी ओळखली पाहिजे. इंग्लंडच्या दक्षिण भागात खडूच्या खडकांतून झिरपून आलेल्या पाण्याच्या नद्या आहेत. त्यांचे पाणी थंड व काचेसारखे स्वच्छ असते. टेस्ट ही त्यांतील एक प्रसिद्ध नदी. तेथे ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा राहतो आणि पाण्यात वाढणाऱ्या कीटकांवर पुष्कळसा उदरनिर्वाह करतो. या कीटकांपैकी एकास तिकडे मेफ्लाय म्हणतात. आम्ही वर्गात तिला ‘एकदिवशी’ असे नाव ठेवले आहे आणि ते अगदीच वावगे नाही, कारण तिच्या कुळाचे शास्त्रीय नावही एक दिवस टिकणे या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून झाले आहे. तिचे बालपण मात्र एका दिवसाचे नसते. तळाच्या गाळात किंवा दगडाखाली ती एक-एक, दोन-दोन वर्षे काढते. मग एके दिवशी वर येते, पाण्याच्या पृष्ठावरच जुनी त्वचा सोडते, ओले पंख वाळेपर्यंत लहानशा होडीसारखी वाहत जाते आणि उडून काठावरच्या झुडपात बसते. तेथे ती पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा आजच्या कीटकसृष्टीत हा एकच प्राणी. या पंखधारी अवस्थेत तिला कामापुरतेही तोंड नसते; ती काही खात नाही. जोडीदार शोधावा, पाण्यावर अंडी सोडावी आणि मरावे, एवढेच तिचे उरलेले आयुष्य. त्या वाहत जाण्याच्या दोन क्षणांत ट्राउट तिला गिळतो, आणि पिसांच्या माशीचा सारा खटाटोप त्या दोन क्षणांच्या नकलेसाठी असतो.

ही नक्कल हुबेहूब असावी लागते काय? आम्हांस प्रथम तसेच वाटले होते. परंतु पेटीतील नमुन्याची माशी मुलांनी पाहिली तेव्हा ती माशीपेक्षा दाढी करण्याच्या ब्रशासारखी अधिक दिसत होती. याचे उत्तर आमच्या विज्ञानशिक्षकांनी दिले. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे त्या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो. खिडकीपलीकडचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, त्यात नदीचा तळच उलटा उमटतो. खिडकीबाहेरून वाहत येणारी माशी त्याला सबंध दिसतच नाही. तिचे पाय जेथे टेकले असतात तेथे आरशाला पडलेल्या खळ्या तेवढ्या चकाकतात. कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस गळाभोवती उभे गुंडाळले की त्याचे शेकडो तंतू अशाच खळ्या पाडतात. मासा भुलतो तो त्या खळ्यांस. पुस्तकात परावर्तन व अपवर्तन ही प्रकरणे नीरसपणे घोकणाऱ्या मुलांनी त्या दिवशी काचेच्या पेटीत पाणी भरून तासभर त्यात खालून पाहिले, हे येथे नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो.

दुसरी अडचण वजनाची. शिसे बांधलेला दोर लांब जातो, कारण पुढचे वजन दोराला ओढून नेते. पिसाच्या माशीला वजनच नाही. ती कशी फेकावी? येथे युक्ती उलटी आहे. वजन दोरालाच दिलेले असते. जाड, मऊ आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला हा दोर लवचिक काठीने आधी मागे उडवतात, तो मागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबतात आणि मग पुढे आणतात. दोराचे वळण हवेत उलगडत जाते व शेवटी माशी पाण्यावर अलगद टेकते. दोर व माशी यांमध्ये हातभर लांबीहून पुष्कळ अधिक असा पारदर्शक तंतू असतो, म्हणजे माशाला दोर दिसत नाही. हे सारे कौशल्य त्या क्षणभराच्या थांबण्यात आहे असे आमचा माजी विद्यार्थी सांगे. गळाचे टोक कापून त्याने क्रीडांगणावर प्रात्यक्षिक दाखवले. पाचवा फेका आम्ही केला. मागे आंब्याचे झाड आहे याचा आम्हांस विसर पडला होता.

असो. माशी बांधण्याकडे वळू या, कारण आमच्या मंडळाचे खरे काम तेच. गळ शेगड्यात आवळून धरायचा. गळांचे क्रमांक उलटे असतात, क्रमांक वाढला की गळ लहान होतो. चौदा क्रमांकाचा गळ बारापेक्षा मोठा असेल असे समजून आम्ही पहिल्या महिन्यात बराच घोळ घातला. दोऱ्याला मेण लावून तो गळाच्या दांड्यावर एकाशेजारी एक असा गुंडाळत न्यायचा. शेवटी शेपटीचे दोन-तीन तंतू बांधायचे. मग मेणाच्या दोऱ्याला लव चिकटवून बोटांनी पीळ द्यायचा आणि त्या लवयुक्त दोऱ्याचे अंग घडवायचे. त्यानंतर मानेचे पीस. कोंबडीचे पीस मऊ असते, ते पाणी पिते आणि बुडते. कोंबड्याचे ताठ असते म्हणून तरंगते. हा भेद आजवर आम्ही असंख्य कोंबडे पाहूनही कधी ध्यानी घेतला नव्हता. पिसाचे टोक बांधून ते उभे दोन-चार वेढे फिरवायचे, दोऱ्याने दोऱ्यालाच आवळणारी गाठ मारायची आणि वर रोगणाचा थेंब. सांगण्यास हे सोपे. परंतु दोरा किती ताणावा हे कोणत्याही पुस्तकात लिहिता येत नाही. सैल राहिला तर पीस गरगर फिरते, जास्त ताणला तर तुटतो. ते शेजारी बसलेल्याच्या हाताकडे पाहूनच शिकावे लागते, आणि म्हणूनच या छंदाचे क्लब निघाले असावेत असा आमचा तर्क आहे.

छंद जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळी होऊन गेलेल्या ईलियन या लेखकाने मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून व त्यावर कोंबड्याची दोन पिसे लावून ठिपकेदार मासे धरतात असे वर्णन केले आहे. इंग्रजीत १४९६ साली छापलेल्या एका प्रबंधात बारा माशांची कृती आहे. येथे माशा म्हणजे माशीचे अनेकवचन, हे वाचकांनी कृपा करून ध्यानी ठेवावे. टेस्ट नदीच्या काठी १८२२ साली हौटन क्लब स्थापन झाला व लंडनमध्ये १८८४ साली फ्लायफिशर्स क्लब. इंग्लंडात हिवाळ्यात ट्राउटची शिकार बंद असते. त्या लांब रात्री सभासद दिव्याभोवती बसून पुढील ऋतूसाठी माशा बांधतात. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते व त्या दिवसांत गावोगावी जाळी सांधली जातात, त्याचीच आठवण यावी. फरक इतकाच की जाळी सांधणाऱ्याला त्यावर पोट भरायचे असते.

या क्लबांतून तंटेही झाले. फ्रेडरिक हॅल्फर्ड याने १८८६ साली तरंगत्या माशीवर ग्रंथ लिहिला आणि त्याचे अनुयायी असे मानू लागले की पाण्यावर तरंगणारी माशी हीच काय ती सभ्य माणसाची माशी. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने निरीक्षण करून दाखवले की मासा बहुधा पाण्याखालीच, वर येत असलेल्या बालकीटकालाच गिळत असतो; मग तशी माशी का बांधू नये? १९३८ साली लंडनच्या क्लबात यावर रीतसर वादसभा भरली. पिसाच्या एका तुकड्यावरून वयोवृद्ध माणसे इतकी भांडतात हे वाचून मुलांस हसू आले. आमचे मत स्क्यूजच्या बाजूचे आहे. त्याने मतापेक्षा माशाच्या पोटात काय सापडते याकडे पाहिले. पुढे एव्हन नदीवर रखवालदार असलेल्या फ्रँक सॉयर याने तर दोराही टाकून दिला. त्याची माशी केवळ दोन वस्तूंची, तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू. तारेने बांधणीही होते आणि वजनही येते. ती जगभर चालते.

आपल्या देशातही ही विद्या आली ती इंग्रजांबरोबर. काश्मीरच्या ओढ्यांत ट्राउट मुळात नव्हता; १९०० साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून तो तेथे रुजला. दक्षिण कानडा जिल्ह्यात अधिकारी असलेल्या हेन्री सलिव्हन टॉमस याने भारतातील गळाच्या शिकारीवर लिहिलेले पुस्तक १८७३ साली आपल्या शेजारच्या मंगळुरातच छापले गेले. त्यातला मुख्य मासा म्हणजे आपला महसीर. आज त्याच्या काही जाती संकटात आहेत, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात त्याची पैदास करून पिल्ले अन्यत्र सोडण्याचे काम १९७० नंतरच्या दशकापासून झाले. पुष्कळसे हौशी शिकारी आता धरलेला मासा परत सोडतात. गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकतात, हात ओले करून मासा पाण्यातच धरतात आणि तो सावरला की जाऊ देतात. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व त्याला रोग होतो. ही गोष्ट आम्ही घरी सांगितली तेव्हा आमच्या मातुःश्रींनी विचारले, “मग धरला कशाला?” यावर आम्हांस समर्पक उत्तर सुचले नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून राखलेले महसीर आहेत, त्यांना तर कोणी धरतही नाही.

आता या छंदाची दुसरी बाजू. सॅमन मासा (बाजारात मिळणारा रावस निराळा) समुद्रातून नदीत अंडी घालण्यास येतो तेव्हा काही खात नाही. म्हणजे त्याच्यासाठी बांधलेली माशी कोणत्याच कीटकाची नक्कल नसते. तो तिला का डसतो याविषयी तर्कच अनेक. खरी माशीच समोर नसल्यामुळे बांधणाऱ्यांच्या कल्पनेला आळा राहिला नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश साम्राज्याच्या बंदरांतून जी जी पिसे लंडनला पोचली, ती ती सॅमनच्या माशीत जाऊन बसली. मकाव पोपट, कोटिंगा, स्वर्गपक्षी, माळढोक. एका पिसाला ‘इंडियन क्रो’ म्हणत, आणि तो पक्षी भारतातलाही नव्हे व कावळाही नव्हे, दक्षिण अमेरिकेतला. जॉर्ज केल्सन याच्या १८९५ सालच्या ग्रंथात अशा माशा रंगीत चित्रांसह आहेत. त्या सुंदर आहेत हे नाकारता येत नाही.

सौंदर्याला दोष देऊ नये. स्कॉटलंडच्या उत्तरेस मेगन बॉइड नावाची बाई होऊन गेली (१९१५–२००१). लहानपणी तिला एका रखवालदाराने आपल्या माशा उसवून त्याच सामानातून अधिक लहान गळावर पुन्हा बांधण्यास लावले, आणि अशा रीतीने ती शिकली. पुढे साऱ्या जगातून तिच्याकडे मागणी येई. १९७१ साली तिला सरकारी पदक मिळाले. तिने स्वतः मासेमारी केली नाही. उसवून बांधण्याची ही रीत आम्ही मंडळात तशीच उचलली आहे.

परंतु ज्या पिसाशिवाय सॅमनची जुनी माशी पुरी होत नाही, ते पीस आपल्या घरचे आहे. सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरची पिसे पाहिली आहेत काय? प्रत्येक पिसाच्या मध्यकण्यावर मेण ओघळल्यासारखा पांढरा-पिवळा, चकचकीत ठिपका असतो. माशीच्या दोन्ही बाजूंस ते लावले की डोळे असल्याचा भास होतो. या पिसांसाठी रानकोंबड्यांची इतकी हत्या झाली की वन्य पक्ष्यांची कातडी व पिसे देशाबाहेर नेण्यास हिंदुस्थान सरकारने १९०२ सालीच बंदी घातली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुढे या पक्ष्याला संरक्षण मिळाले. विलायतेत आता पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसे मिळतात. तरी हाव संपलेली नाही. २००९ सालच्या जून महिन्यात इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयाची खिडकी फोडून बासरीवादनाचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने पक्ष्यांची २९९ कातडी पेटीत भरून नेली. तो माशा बांधण्यात निष्णात होता. त्यांतील काही पक्षी आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १८५० नंतरच्या दशकात जमवलेले होते. चोर सापडला तेव्हा १७४ कातडी अखंड मिळाली, त्यांपैकी १०२ नाच मूळ चिठ्ठ्या होत्या. कोणत्या बेटावर, कोणत्या दिवशी हा पक्षी मिळाला हे सांगणारी चिठ्ठी गेली की शास्त्रज्ञांच्या लेखी ते कातडे जवळपास मुके होते.

हे सारे आम्ही गेल्या वर्षी श्रावणात मंडळाच्या बैठकीत सांगितले. सांगण्याच्या भरात रानकोंबड्याच्या पिसांचे वर्णन आम्ही जरा अधिकच रंगवून केले. परदेशात त्यांच्या जोडीला किती किंमत येते हेही सांगितले. बंदी व कायदा यांचा उल्लेख शेवटी आला, आणि तोवर घंटा झाली होती.

तीन आठवड्यांनी डोंगरपायथ्याच्या गावाहून येणारा आठवीतील एक मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. अबोल, पण मंडळात सर्वांत हलक्या हाताचा. त्याने वर्तमानपत्राची पुडी पुढे केली आणि म्हणाला, “सर, हें तुमकां हाडलां.” आत मानेचे सबंध कातडे होते. ते अजून पुरते वाळलेही नव्हते. मामाने फासा लावला होता. ठिपके आम्ही वर्णन केले होते त्याहून चकचकीत होते.

आम्ही काही वेळ बोललो नाही. मुलाचा चेहरा प्रथम उजळलेला होता. आमच्याकडे पाहता पाहता तो उतरला. त्याला रागे भरण्याचा आम्हांस अधिकार नव्हता, कारण तो फासा आमच्या वर्णनातून निघाला होता. कातडे ठेवून घेणे गुन्हा होता आणि गुपचूप पुरून टाकणे लबाडी. आम्ही मुख्याध्यापकांस सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी ते व आम्ही वनखात्याच्या कार्यालयात जाऊन पुडी जमा केली. लेखी निवेदनात वर्गात आपण काय बोललो तेही लिहून दिले. मुलाच्या मामांविषयी पुढे जे झाले ते येथे छापणे योग्य नव्हे. मुलाच्या घरी आम्ही गेलो होतो. तेथे आम्हांस चहा मिळाला, पण कोणी फारसे बोलले नाही.

दिवाळीपर्यंत तो मंडळात आला नाही. आम्ही बोलावले नाही. बोलवावे की न बोलवावे हे ठरत नव्हते. मंडळाच्या वहीत त्या दरम्यान मुलांनी आपणहून एक नियम लिहिला: पीस पाळीव पक्ष्याचेच, आणि ते कोठून आणले हे चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय डब्यात टाकायचे नाही. आता डब्यातल्या प्रत्येक पुडीवर अशी चिठ्ठी आहे. ‘आजीचा तांबडा कोंबडा, गणेशचतुर्थीआधी मानेचे झडलेले’ ही त्यांतली एक.

डिसेंबरात तो आला तेव्हा हातात औषधाची बाटली होती. ओढ्यातला दगड उलटून त्याने एकदिवशीचे पिल्लू आणले होते. कड्यांना पानासारखे कल्ले, आणि ते सतत हलत होते. आमच्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही ती असते हे आम्ही वाचले होते, पाहिले नव्हते. त्या दिवशी आम्ही जळालेल्या पंख्यातली तांब्याची तार आणि कोंबड्याच्या शेपटीचे तंतू घेऊन सॉयरच्या पद्धतीने तिची प्रतिकृती बांधली आणि मुलांस दाखवली. त्याने ती शेगड्यातून काढून बाटलीला लावून पाहिली. मग म्हणाला, “सर, हिला तीन शेपट्या आहेत. तुम्ही दोनच बांधल्या.” पिल्लू संध्याकाळी तो परत ओढ्यात सोडून आला, आमची माशी मात्र उसवून त्याने पुन्हा बांधली.